अकरा गोळ्यांची पोच

प्रेमकुंवरनं शेवटच्या तक्त्याखाली पट्टी धरून तांबड्या शाईची रेघ ओढायला घेतली आणि नेमकं तेव्हाच टेबलावर खण्णकन काहीतरी आपटलं. रेघ वाकडी गेली. पाच वर्षांच्या क्षयाच्या पाहणीचा अहवाल. संध्याकाळी साडेसहाच्या चाळीसगावच्या गाडीनं पाहणीचे प्रमुख डॉक्टर राणे तो पुण्याला घेऊन जाणार. आणि शेवटच्या रेघेला हा अपशकुन! चिडून तिनं मान वर केली. समोर एक भिल्ल बाई उभी होती. केसांत, भुवयांत, लुगड्याच्या ओच्यात सगळीकडे कापसाचे तंतू. म्हणजे सरकी काढायच्या जिनवरून सुटून थेट इकडे आलेली. धुळ्याच्या देवपुरातलं हे ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं, दळणाला आलेल्या बायका चुकून जिना चढून येत, तशीच ही असेल असं समजून प्रेमकुंवर म्हणाली, "गिरणी खाली आहे, बाई." बाई जागची हलली नाही. तिनं टेबलावरची पत्र्याची तंबाखूची डबी एका बोटानं पुढं सरकवली आणि म्हणाली, "ह्या गोया परत लई ल्या. अकरा शेतस. मोजी ल्या." डबीत खरंच पांढऱ्या गोळ्या होत्या आणि घडी घालून घालून विड्याच्या पानाएवढं केलेलं रोग्याचं ओळखपत्र होतं. क्रमांक तीनशे सत्त्याहत्तर, दित्या भिल. "जेनासाठे दिध्यात तो ऱ्हायना नही," बाई म्हणाली. "मना घरधनी व्हता. तीसमधल्या एकोनीस खाद्यात त्यानी. सरकारन्या गोया घरमा ठेवीसन काय करू? माले पोच लिखी द्या. शिक्काबी मारा. नही तं सरकार म्हनी, बेबाबाईनी गोया इकी टाक्यात."

पोच लिहायला प्रेमकुंवरनं कागद ओढला आणि सवयीनं एका हातानं तीनशे सत्त्याहत्तरचं कार्ड खोक्यातून काढलं. सवय म्हणजे काय, पाच वर्षं या कार्डांतच तिचे दिवस गेले होते, डोळे मिटून ती कुठलंही कार्ड काढू शकली असती. कार्डावर शेवटच्या रकान्यात, निकाल या मथळ्याखाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "गाव सोडले." अक्षर पाड्यांवर गोळ्या वाटणाऱ्या तोतारामचं. ती एकदा कार्डाकडे बघे आणि एकदा बाईकडे. "कधी गेले?" तिनं विचारलं. "दिवाईना नंतर, आठ दिनमा," बाई म्हणाली. कार्डावर तोतारामची भेट त्यानंतर दहा दिवसांची होती. म्हणजे तोताराम पाड्यावर गेला तेव्हा माणूस मरून दहा दिवस झाले होते आणि तोतारामनं त्याला चालता करून दुसऱ्या गावी लावून दिला होता! प्रेमकुंवरला हसू आलं, आणि हसता हसताच तिचा हात अहवालाकडे गेला. कारण अहवालाचा सगळा डोलारा त्या दोन शब्दांवर उभा होता. व्यापारी रोगी शहाण्णव, त्यांत मयत तीन. आदिवासी एकशे अठ्ठावीस, त्यांत मयत पाच, आणि गाव सोडलेले एक्केचाळीस. डॉक्टर राणे हे आकडे बघून खूश झाले होते. ते माणूस वाईट नव्हते हो, उलट तापल्या उन्हात जीपमधून उतरून रोग्याच्या खाटेवर बसणारे होते. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती त्यांच्या डोक्यातून काढायची म्हणजे बोरीच्या झाडातून पदर सोडवायचा. "डोंगरची हवाच औषध आहे, प्रेमकुंवरबाई," ते म्हणायचे. "हे लोक क्षयानं मरत नाहीत, औषध टाकून पळतात. मग पळणाऱ्याच्या पाठी गोळ्या घेऊन आपण किती धावायचं?" आणि म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानावर, प्रेमकुंवरच्याच हस्ताक्षरात, शिफारस होती: शिरपूरच्या वरची गोळ्या वाटायची तिन्ही केंद्रं बंद करावीत आणि ती औषधं शहरात वापरावीत. काल ते पान उतरवताना तिला आपल्या अक्षराचं कौतुक वाटलं होतं. आता त्याच पानाकडे बघवेना.

"बसा ना, बेबाबाई," ती म्हणाली आणि स्वतःच उठून उभी राहिली. बाई खुर्चीत बसली नाही, जमिनीवर बसली, तर प्रेमकुंवरही तिच्यासमोर जमिनीवर बसली. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. "आमचा माणूस पाड्यावर आला होता. त्याला कुणी सांगितलं नाही?" "मरेलनं नाव लेतस नही आमी," बेबाबाई म्हणाली. "त्यानी नाव लईसन इचारं, बठ्ठा खाल बघाले लागनात." नाव घेऊन विचारलं तर सगळ्यांनी खाली माना घातल्या. "आनि मी तठे नव्हतू. त्या घरमा मी कशी ऱ्हाऊ? झोपडी मोडी टाकी, पोरंसले लिसन भाऊना पाडावर गऊ, मंग आठे जिनवर." प्रेमकुंवरच्या कानात काहीतरी वाजलं. झोपडी मोडली? का मोडली? बेबाबाईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढंही माहीत नाही. मग लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगितलं. "पोट भराले जातस तवय दारले काटी लाईसन जातस, परत येनं ऱ्हास ना! मानूस मरस तवय बठ्ठी झोपडी मोडतस. चूल तेवढी ऱ्हास." दाराला काटी, म्हणजे काटेरी फांदी, लावली तर माणसं परत येणार. मोडली तर कुणीतरी मेलं. एवढं सोपं! पाच वर्षांत पुण्याहून दोनदा साहेब आले, मुंबईहून एकदा, छापील प्रश्नांची सात पानं होती, आणि हा एक प्रश्न त्यांत नव्हता.

खाली सायकलची घंटी वाजली आणि तोताराम जिना चढून आला. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, बारा महिने डोक्यावर मफलर बांधणारा हा गृहस्थ पाहणीतला गोळ्या वाटणारा नोकर. आठवड्यातून चार दिवस तो पाड्यापाड्यावर फिरे. आजच्या त्याच्या डब्यात भरीत होतं, त्याचा वास त्याच्या आधी खोलीत आला. "तोतारामभाऊ," प्रेमकुंवर जमिनीवरूनच म्हणाली, "दित्या भिल गाव सोडून गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तोताराम बेबाबाईकडे बघून जरासा चपापला. "सांगतं कोण, बाई? हाक मारली, झोपडी नाही, माणूस नाही, शेजारी बोलेनात. मयत लिहायचं तर पोलीस पाटलाचा दाखला पाहिजे, आणि पाटील बसलाय बारा मैलांवर. मग लिहिलं गाव सोडलं. खोटं काय त्यात?" "झोपडी नाही म्हणजे? दाराला काटी होती का मोडली होती?" "मोडली होती. थांबा, लिहिलंय की मी." आणि त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक मळकी, तेलकट, रबर लावलेली डायरी काढली. प्रेमकुंवरनं ती कधी पाहिली नव्हती. "हे काय?" "माझ्यापुरतं हो. काटी लावलेली असली तर महिन्यानं परत चढायचं. मोडलेली असली तर कशाला फुकट पाय मोडून घ्या? त्या लोकांत मोडलेल्या झोपडीकडे परत येत नाही कुणी. म्हणून आपली खूण." प्रेमकुंवरला वाटलं, याला मिठी मारावी का याच्या डोक्यात पट्टी घालावी? दोन्हीतलं काहीच न करता तिनं ती डायरी त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावली.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं का झपाटणं, हे तिचं तिलाही कळलं नसतं. एक्केचाळीस कार्डं तिनं जमिनीवर पसरली. तोताराम डायरीतून वाचत होता, ती कार्डं उचलून डावीकडे, उजवीकडे टाकत होती. बेबाबाई मध्ये बसून, काही न कळताही, वाऱ्यानं उडणाऱ्या कार्डांवर आपली डबी, पट्टी, दौत असं काहीबाही ठेवत होती. "एकशे बारा. काटी लावलेली." डावीकडे. "एकशे तीस. मोडलेली." उजवीकडे. "एकशे एकतीस. मोडलेली, चूल तेवढी." उजवीकडे. छाती अशी धडधडत होती, की हे आनंदाचं आहे याची तिला लाजच वाटली. माणसं मेलेली निघताहेत आणि आपल्याला आनंद होतोय? पण होत होता, खोटं कशाला बोला! पाच वर्षं ती आकडे मांडत होती आणि आकडे मुक्यानं बसून होते, आज पहिल्यांदा ते बोलायला लागले होते. चूल तेवढी. तोतारामनं तो शब्द तिसऱ्यांदा उच्चारला आणि तिचा हात कार्डासकट हवेत राहिला. तीन दगड, काळे. मध्ये राख, राखेत कुणीतरी फुटकं मडकं उपडं घातलेलं. आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. हे कुठलं? तिनं डोकं हलवलं. "पुढचं वाचा, तोतारामभाऊ."

चोपड्याला बापूजींच्या, प्रेमकुंवरच्या वडिलांच्या, कापसाच्या दुकानात पुना नावाचा भिल्ल होता. हमाल म्हणावा तर हमाल, घरचा म्हणावा तर घरचा, पण जेवायला मात्र मागच्या ओट्यावर. कापसाच्या गाठी पाठीवर घेऊन तो असा चालायचा, की गाठच पायांनी चालते आहे असं वाटे. दुपारी गाठी उतरवून झाल्या की लहानग्या प्रेमकुंवरला खांद्यावर घेऊन तो बाजारातून फिरवून आणायचा आणि मोठमोठ्यानं ओरडायचा, "चला रे, बाईसानी गाठ उनी, बाजूले व्हा!" ती दहा वर्षांची झाली त्या साली थोरला भाऊ, भाईसा प्रकाशचंद, खोकायला लागला. त्याच पावसाळ्यात पुनाही. दोघे बापूजींची नजर चुकवून सरकीच्या ढिगामागे बसून एकच बिडी आळीपाळीनं ओढायचे, हे फक्त प्रेमकुंवरला माहीत होतं. भाईसाला पुनामुळे लागलं, असं मा शेवटपर्यंत म्हणत राहिली. उलटंही झालं असेल, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. भाईसाला मिरजेला पाठवलं. तिथं रोज सुई, अंडी घरात चालत नव्हती ती तिथं चालली, आणि वर्षानं तो असा गुटगुटीत होऊन आला, की आज गादीवर बसला तर गादी दबते. पुनाला बापूजी घरी जाऊन विसावा घे म्हणाले, आणि गोळ्यांची एक बाटलीही दिली. दिली, नाही असं नाही. जाताना पुना तिला सांगून गेला होता, परत येताना चारोळ्या आणतो. आणल्या नाहीत. तो आलाच नाही. आणि पंधरा वर्षं, अगदी आत्ता आत्तापर्यंत, प्रेमकुंवर त्याच्यावर मनातल्या मनात रुसून होती. चारोळ्यांसाठी!

"संपलं," तोताराम म्हणाला. "एक्केचाळीस झाली." डावीकडे पंधरा. उजवीकडे सव्वीस. तिनं पुन्हा मोजलं. सव्वीस. आधीचे पाच आणि हे सव्वीस, एकतीस. डोंगरातला प्रत्येक चौथा रोगी गेलेला. व्यापाऱ्यांत शंभरात तीन, इथं शंभरात पंचवीस. डोंगरची हवा! "पण का?" ती मोठ्यानं म्हणाली. "गोळ्या तर घेत होते!" ती बेबाबाईकडे वळली. "नक्की रोज घ्यायचे?" बेबाबाईला राग आला. "दिन निंघे तवय मी सोता तोंडमा टाकू. तुमनी डबी मोजी ल्या ना!" डबीच तर पुरावा होती. एकोणीस दिवस, एकोणीस गोळ्या, एक इकडे नाही की तिकडे नाही. मग गावातल्यांना काय मिळत होतं जे पाड्यावर मिळत नव्हतं? तिनं व्यापाऱ्यांचं एक कार्ड काढलं. गोळी आणि पहिले दोन महिने रोज सुई. दुसरं काढलं. गोळी आणि सुई. तिसरं. गोळी आणि सुई. दित्याचं कार्ड: गोळी. एकशे तीस: गोळी. एकशे एकतीस: गोळी. "पाड्यावर सुई कोण टोचणार, बाई?" तोताराम म्हणाला. "मला टोचायची परवानगी नाही, आणि कंपाउंडर डोंगर चढत नाही." हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. पाच वर्षं त्या दोन रकान्यांची बेरीज ती स्वतः करत होती आणि ते दोन रकाने तिनं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, कारण तक्ता जातीचा मागितला होता, सुईचा मागितला नव्हता.

पण डॉक्टर म्हणतील, रक्तातच काही असेल. म्हणतीलच, ती त्यांना ओळखून होती. एकशे अठ्ठावीस. पाड्यावरचे एकशे एकोणीस. मग उरलेले नऊ कोण? ती जवळजवळ झेपावली त्या खोक्यावर. नऊ जण, सगळे भिल्ल, पण राहायला धुळ्यात, जिनच्या मागच्या चाळीत. शहरातले म्हणून त्यांना शहरासारखं औषध. गोळी आणि सुई. निकाल: बरा. बरा. बरा. आठ बरे, एकाचा उपचार चालू. "तोतारामभाऊ!" ती अशी ओरडली, की खालच्या गिरणीतला माणूस जिन्याच्या तोंडाशी येऊन "काय झालं हो?" म्हणून विचारून गेला. तीच माणसं, तेच रक्त, तीच गोळी, फक्त सुई जास्त, आणि आठ बरे! तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांचं घर पांझरा नदीपलीकडे, आणि ते सहाला स्टेशनकडे निघणार. टांगा बघायला वेळ नव्हता. तिनं अहवाल आणि कार्डं पिशवीत कोंबली, डायरी घेतली, डबी घेतली, बेबाबाईची पोच घेतली. "शिक्का साहेबांकडे आहे, घेऊन येते. तुम्ही इथंच बसा," असं तिला सांगून खाली आली, आणि तोताराम सायकलवर टांग टाकतोय तोच पाठीमागे कॅरिअरवर बसली. तोताराम हबकला. "बाई, लोक काय म्हणतील?" "हाणा सायकल!" भर संध्याकाळी, देवपुरातून गर्दीच्या पुलावरून, भिकमचंद शेठची मुलगी मफलरवाल्या माणसाच्या सायकलवर मागे बसून चालली होती आणि तिचा पदर पांझरेवरच्या वाऱ्यात फडफडत होता. समोरून पानबाई मासी भाजीची पिशवी घेऊन येत होती. जिच्या घरी ती राहायची तीच! मासीनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. प्रेमकुंवरनं चक्क हात हलवला. आज तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

डॉक्टर राणे वळकटीचे पट्टे आवळत होते. तिनं धापा टाकत सांगायला सुरुवात केली. सांगितलं उलटसुलट, आधी सुई, मग झोपड्या, मग काटी. तोताराम मधूनमधून दुरुस्त करत होता. डॉक्टरांचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. "मोडलेल्या झोपड्या?" ते म्हणाले. "प्रेमकुंवरबाई, उद्या पुण्यात दहा तज्ज्ञ बसणार आहेत. त्यांच्यापुढे मी मृत्यूचा पुरावा म्हणून झोपड्या मांडू? दाखला आहे का एक तरी?" तिनं डबी काढून त्यांच्या वळकटीवर ठेवली. "हा आहे." त्यांनी झाकण उघडलं. तळहातावर गोळ्या ओतल्या, मोजल्या. अकरा. परत डबीत टाकल्या, परत ओतल्या, परत मोजल्या. माणूस शेवटी डॉक्टर होता. "बाई परत करायला आली?" त्यांनी हळूच विचारलं. "जिनवरची पाळी संपवून. पोच मागते आहे, आणि शिक्का. नाहीतर सरकार म्हणेल गोळ्या विकल्या." डॉक्टर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी डायरी वाचली, अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान. मग तोतारामला म्हणाले, "ही तू मला का नाही दाखवलीस रे?" "साहेब," तोताराम मफलर सोडत म्हणाला, "तुम्ही कार्डं मागत होता. डायरी कुणी मागितलीच नाही." बाहेर टांगा येऊन उभा राहिला होता. टांगेवाल्यानं दोनदा हाक मारली. डॉक्टर उठून दारात गेले आणि म्हणाले, "जा बाबा तू. गाडी जाऊ दे." पाच वर्षं त्या व्यासपीठाची वाट पाहिलेला माणूस होता तो. आत येऊन त्यांनी अहवालाचं शेवटचं पान काढलं, शिफारशीवर आडवी रेघ मारली आणि तिच्या जागी काहीतरी लिहून कागद तिच्याकडे फिरवला. पाड्यांवरच्या तिन्ही केंद्रांवर सुई टोचणारा माणूस तातडीनं नेमावा. एवढंच. मग बॅगेतून शिक्का काढून त्यांनी बेबाबाईच्या पोचेवर तो असा दाबून मारला, की टेबल हललं.

"उद्या मी स्वतः पाड्यावर येतो," ते म्हणाले. "प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची. काय आकडा म्हणालात? झोपड्या मोडलेले?" "सव्वीस," तोताराम म्हणाला. प्रेमकुंवरच्या कानात बैलांचे घुंगरू पुन्हा वाजत होते, आता अगदी जवळ. सुगीचे दिवस, दुकानात माणूस कमी, म्हणून बापूजी बैलांची दमणी जुंपून पुनाला आणायला निघाले होते, आणि चारोळ्या मिळतील म्हणून ती हट्टानं सोबत बसली होती. चढावर दमणी थांबली. बापूजींनी हाक मारली, "पुना! अरे पुना!" तिथं झोपडी नव्हतीच. पालापाचोळा, बाजूला मोडून टाकलेल्या कुडाच्या काठ्या, तीन काळे दगड आणि राखेत उपडं घातलेलं मडकं. चारपाच माणसं खाली बघत उभी. बापूजी परत येऊन दमणीत बसले आणि म्हणाले, "गांव छोड गयो, छोरी." ते खोटं बोलले नव्हते, त्यांना तेवढंच कळलं होतं. आणि तिनंही स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, तोतारामच्या कितीतरी आधी, आणि पंधरा वर्षं चुकीचंच लिहून ठेवलं होतं.

"सत्तावीस," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "यादीत तर सव्वीस आहेत." "एक यादीत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती, दोन्ही एकदम. "आमच्या दुकानातला." तिनं पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि डॉक्टरांच्या वळकटीवर ठेवून भरायला घेतलं. नाव: पुना. गाव: चोपड्याच्या वरचा पाडा. औषध: गोळी. निकालाच्या रकान्यात तिनं लिहिलं, मयत. मग डॉक्टरांनी विचारायच्या आतच साक्षीदार या रकान्यात तिनं स्वतःची सही केली.